माळ्यावरचा अ‍ॅस्बेस्टॉस: आधी हात आवरा, मग पैसे मोजा

न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, मिशिगन किंवा शिकागोच्या आसपास पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे घर विकत घेतलेली मराठी कुटुंबे आता पुष्कळ आहेत. अशा घरात वरच्या मजल्याच्या छताला एक चौकोनी झाकण असते. ते ओढले की घडीची शिडी खाली येते आणि उतरत्या छपराखालच्या माळ्यावर जाता येते. तिथे त्याला अ‍ॅटिक म्हणतात. भारतवारीच्या मोठ्या बॅगा, गणपतीच्या मखराचे सामान, मुलांना लहान झालेले कपडे, सगळे तिथेच जाते. पायाखाली तुळयांच्या मधल्या खणांमध्ये थंडी अडवण्यासाठी काहीतरी भरलेले असते, पण ते नेमके काय आहे हे पाहायची गरज सहसा कोणाला वाटत नाही. मग एक दिवस नवा दिवा बसवायला आलेला इलेक्ट्रिशियन वर जातो, दोन मिनिटांत खाली उतरतो आणि सांगतो की वर व्हर्मिक्युलाईट दिसते आहे, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, मी तिथे काम करणार नाही.

त्या संध्याकाळी घरात दोन प्रकारचे विचार सुरू होतात. एक म्हणतो, उद्याच्या उद्या सगळे काढून टाकू. दुसरा म्हणतो, मास्क लावून शनिवारी आपणच पिशव्या भरू, पैसे वाचतील. दोन्ही विचार थांबवण्यासाठी हा लेख आहे. या प्रश्नात घरमालकाच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे: सर्वांत सुरक्षित पहिले पाऊल आणि सर्वांत स्वस्त पहिले पाऊल इथे एकच आहे. ते म्हणजे हात न लावणे. पुढची पावले सावकाश, क्रमाने टाकता येतात.

वर काय भरले आहे?

शिडीवर उभे राहून, माळ्यावर पाय न ठेवता, टॉर्चच्या उजेडात पाहिले तरी बरेच कळते. गुलाबी किंवा पिवळ्या कापसासारख्या गाद्या असतील तर ते फायबरग्लास. करड्या रंगाचा, वर्तमानपत्राच्या चुऱ्यासारखा लगदा असेल तर सेल्युलोज. पांढरट-करडा, पिंजलेल्या लोकरीसारखा थर असेल तर बहुधा रॉकवूल. या तिघांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसची चिंता सहसा करावी लागत नाही.

सुटे, खड्यांसारखे दाणे ओतलेले असतील तर मात्र थांबा. रंग करडा-तपकिरी किंवा चंदेरी-सोनेरी, आकार काही मिलिमीटरचा, वजन जवळपास नाही, आणि नीट पाहिले तर प्रत्येक दाण्यात पापुद्र्यांची चळत. हे व्हर्मिक्युलाईट. अभ्रकाच्या जातीचे हे खनिज आहे. त्याच्या थरांमध्ये पाणी अडकलेले असते. भट्टीत झपाट्याने तापवले की पाण्याची वाफ होते आणि ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा दाणा फुलतो. फुललेल्या दाण्यात हवा कोंडते, म्हणून तो उष्णता अडवतो. तो जळत नाही, कुजत नाही, आणि पिशवी फाडून तुळयांच्या मध्ये ओतली की काम झाले. त्यामुळेच घरमालकांनी तो स्वतःच्या हाताने हौसेने ओतला.

वर असताना आणखी एका ठिकाणी नजर टाका. माळ्यावरून जाणाऱ्या जुन्या हीटिंगच्या पत्र्याच्या नळ्यांच्या सांध्यांवर पांढरी कागदी पट्टी, किंवा पाइपांभोवती पन्हाळीदार पुठ्ठ्यासारखे पांढरे वेष्टण असेल, तर तेही अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकते. माळ्यात फायबरग्लास आहे म्हणून निर्धास्त झालेले लोक ही पट्टी विसरतात. आणि फायबरग्लासची गादी दिसली तरी तिचा कोपरा जिथे आपसूक उचललेला असेल तिथे खाली पाहा. जुन्या व्हर्मिक्युलाईटवर नंतरच्या मालकाने नवी गादी अंथरलेली असणे नेहमीचे आहे.

मोन्टानातली खाण

व्हर्मिक्युलाईट स्वतः अ‍ॅस्बेस्टॉस नव्हे. दोष एका खाणीचा आहे. अमेरिकेच्या मोन्टाना राज्यात, कॅनडाच्या सीमेजवळ, लिबी नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या डोंगरातून १९२० च्या आसपासपासून १९९० पर्यंत व्हर्मिक्युलाईट काढले गेले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या म्हणण्याप्रमाणे त्या काळात देशात विकल्या गेलेल्या व्हर्मिक्युलाईटपैकी ७० टक्क्यांहून अधिक या एकाच खाणीचे होते. त्या डोंगरात व्हर्मिक्युलाईटच्या शेजारीच अ‍ॅम्फिबोल गटातल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या शिरा होत्या: ट्रेमोलाईट, विंचाईट, रिक्टराईट. खोदताना दोन्ही मिसळून निघत. गाळून, धुऊन, तापवूनही तंतू पूर्ण जात नसत. हा माल दोनशेहून अधिक ठिकाणी गेला, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी तो फुलवला गेला, आणि ‘झोनोलाईट’ या नावाने घराघरांच्या माळ्यावर ओतला गेला. १९६३ पासून ही खाण डब्ल्यू. आर. ग्रेस या कंपनीकडे होती. माळ्यासाठीच्या झोनोलाईटची विक्री १९८४ साली थांबली.

लिबीच्या लोकांनी याची किंमत मोजली. खाणकामगार आजारी पडले, त्यांच्या कपड्यांवरून घरी आलेल्या धुळीने बायका आणि मुले आजारी पडली. खाणीचा टाकाऊ माल शाळेच्या धावपट्टीवर आणि घरांच्या बागांमध्ये पसरलेला होता. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये सिअ‍ॅटलच्या एका दैनिकाने हे उघड केले आणि काही दिवसांत ईपीएचे लोक गावात पोहोचले. पुढे ग्रेसने २००१ साली दिवाळखोरीचा अर्ज केला, २००८ साली सफाईसाठी २५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले, आणि २००९ च्या फौजदारी खटल्यात ती निर्दोष सुटली. त्याच वर्षी जूनमध्ये ईपीएने लिबीत सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली. त्या संस्थेने अशी घोषणा करण्याची ती पहिलीच वेळ होती.

हा इतिहास सांगण्याचे कारण व्यवहारी आहे. दाणे पाहून ते लिबीचे आहेत की दुसऱ्या खाणीचे, हे घरमालकाला कळत नाही. म्हणून ईपीएचा सल्ला सरळ आहे: माळ्यावर जुने व्हर्मिक्युलाईट दिसले की त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे असेच धरून वागा. पुण्या-मुंबईत गच्चीवरच्या बागेसाठी आज कोकोपीटसोबत मिळणाऱ्या व्हर्मिक्युलाईटला हा ठपका आपोआप लावू नये, ते लिबीचे नाही. ते ओले करून, धूळ न उडवता वापरावे, एवढी काळजी पुरे.

धोका कशात आहे?

अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू लांबीच्या दिशेने चिरत जातो. एका तंतूचे दोन, दोनाचे चार, आणि शेवटी इतके बारीक की साध्या डोळ्यांना दिसत नाहीत, नाकाला कळत नाहीत, घशाला खवखवत नाहीत. तीन मायक्रॉनपेक्षा बारीक तंतू श्वासासोबत फुप्फुसाच्या तळाशी पोहोचतो. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. तिथे शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्याला गिळू पाहतात, पण लांब तंतू गिळला जात नाही आणि विरघळतही नाही. अ‍ॅम्फिबोल गटातले तंतू तर सरळ, ताठ, काटक असतात आणि दशकानुदशके तिथेच राहतात. सततच्या दाहातून फुप्फुस निबर होते, फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, किंवा फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा. आजार दिसायला बहुधा वीस ते चाळीस वर्षे लागतात. धूम्रपान करणाऱ्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

इथे दोन गोष्टी एकत्र ध्यानात ठेवाव्या लागतात. ‘इतके चालते’ अशी सुरक्षित मर्यादा कोणी ठरवून दिलेली नाही, हे खरे. पण धोका एकूण किती तंतू श्वासात गेले यावर वाढत जातो, हेही तितकेच खरे. मागच्या वर्षी तुम्ही दोनदा माळ्यावर बॅग ठेवून आलात, म्हणून रात्रीची झोप घालवू नका. तसे पुढे करत राहू नका, इतकेच.

तंतू हवेत आला तरच तो श्वासात येतो, आणि याच ठिकाणी आपल्याकडच्या सिमेंटच्या पत्र्यांशी तुलना उपयोगी पडते. महाराष्ट्रातल्या चाळी, गोठे, कारखाने आणि शाळांवरच्या जुन्या नालीदार सिमेंट-पत्र्यांत साधारण दहावा हिस्सा क्रायसोटाईल अ‍ॅस्बेस्टॉस असतो. पण तो सिमेंटने घट्ट बांधलेला असतो. अखंड पत्रा फारसे तंतू सोडत नाही. तो फोडला, कोरडा ड्रिल केला, करवतीने कापला, किंवा वरचे शेवाळ कोरड्या ब्रशने खरवडले की सोडतो. म्हणून गावाकडचा पत्रा बदलताना तो ओला करून, बोल्ट कापून, अखंड खाली उतरवायला सांगा. तुकडे रस्त्याच्या खड्ड्यात टाकू देऊ नका. माळ्यावरच्या व्हर्मिक्युलाईटमध्ये मात्र तंतूंना धरून ठेवणारे काहीच नाही. पाय पडला, झाडू फिरला, बॅग ओढली की ते उडतात आणि तासन्‌तास हवेत तरंगतात.

वरची धूळ खाली कशी येते?

माळा झाकलेला आहे आणि घर खाली आहे, तर हवा नेमकी कशी फिरते, हे समजले की निम्मा प्रश्न सुटतो. स्वस्त उपायांचे मर्म इथेच आहे.

हिवाळ्यात घरातली गरम हवा वर चढते आणि छतातल्या फटींमधून माळ्यात, तिथून बाहेर जाते. म्हणजे बहुतेक काळ प्रवाह खालून वर असतो, आणि ही घरात राहणाऱ्यांच्या फायद्याची गोष्ट आहे. पण प्रवाह उलटू शकतो. बाथरूमचा पंखा, कपडे वाळवण्याचे यंत्र आणि स्वयंपाकघरातला हूड घरातली हवा बाहेर फेकतात. तेवढी हवा कुठून तरी आत यावी लागते, आणि ती मिळेल त्या फटीतून येते, छतातल्या फटीतूनही. फोडणीचा आणि तळणाचा धूर जावा म्हणून आपली मंडळी हौसेने ताकदवान हूड बसवतात. माळ्यात व्हर्मिक्युलाईट असेल तर असा हूड चालू करताना स्वयंपाकघराची खिडकी थोडी उघडी ठेवा. हवा मग खिडकीतून येईल, माळ्यातून नाही. या उपायाला एक पैसाही लागत नाही.

याहून मोठी वाट म्हणजे माळ्यावरून जाणाऱ्या हीटिंग-कूलिंगच्या नळ्या. घरातली हवा परत यंत्राकडे ओढणारी नळी माळ्यात असेल आणि तिचा सांधा सुटलेला असेल, तर ती माळ्यातली धुळीची हवा शोषून खोल्याखोल्यांत वाटते. माझ्या मते, माळ्यातल्या दाण्यांची परीक्षा करण्याआधी या नळीची तपासणी करून घ्यावी. काम करणाऱ्याला आधीच सांगा की वर व्हर्मिक्युलाईट आहे. ज्याला त्याचे प्रशिक्षण नाही त्याला वर पाठवू नका. काही घरांत उन्हाळ्यासाठी छतात मोठा पंखा असतो, जो घरातली हवा माळ्यात ढकलतो. तो कायमचा बंद ठेवा.

घराची हवाबंदी तपासायला ऊर्जा-लेखापरीक्षक येतात, ते दारात पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढतात. व्हर्मिक्युलाईट असलेल्या घरात ही तपासणी तशी करू नये. माळ्यातली धूळ थेट बैठकीच्या खोलीत येईल. वेळ ठरवतानाच फोनवर हे सांगा. जाणकार तपासनीस पंखा उलटा लावून घरात दाब वाढवून मोजतो किंवा तपासणीच टाळतो.

न काढता सांभाळणे

माळा वापरात नाही, छतात पडझड नाही, येत्या काही वर्षांत वर काम करायचे नाही, अशा घरात काढण्यापेक्षा तसेच ठेवून बंद करणे हा बहुतेक वेळा योग्य निर्णय असतो. यासाठी लागणारे काम खालच्या खोल्यांतून करता येते आणि सामान शे-दोनशे डॉलरमध्ये येते.

झाकणाच्या कडेला फोमची पट्टी लावा, म्हणजे ते घट्ट बसेल. छत आणि भिंतीच्या सांध्यातल्या, पंख्याच्या आणि धूर-सूचकाच्या कडेच्या फटी सीलंटने भरा. छताला तडा असेल तर तो बुजवून रंग द्या. भिंतींच्या आत विजेची बटणे असतात, तिथूनही दाणे गळतात, कारण जुन्या घरांत भिंतीची पोकळी वरून उघडी असते. बटणाच्या पट्टीमागे मिळणारी फोमची तयार चकती बसवली की ती वाट बंद होते. त्याआधी मेन स्विच बंद करा. इथे एक सावधगिरी पाळावीच लागते: छतात खोचलेले जुने दिवे तापतात आणि चिमणीचा पाइप तापतो. त्यांच्याभोवती साधा सीलंट किंवा फोम भरला तर आग लागू शकते. तिथे अग्निरोधक साहित्य आणि जाणकार माणूस लागतो.

खाली गळलेले दाणे दिसले तर झाडू मारू नका, आणि घरचा व्हॅक्यूम तर मुळीच लावू नका. साध्या व्हॅक्यूमची जाळी तंतू अडवत नाही, उलट तो मागच्या बाजूने सगळ्या खोलीत पसरवतो. ओल्या कागदाने किंवा फडक्याने टिपून घ्या, फडक्यासकट दोन पिशव्यांत बंद करा आणि त्या कुठे द्यायच्या हे स्थानिक कचरा विभागाला विचारा.

आणि माळ्यावर सामान ठेवणे बंद करा. आधीच वर असलेल्या बॅगा, खोकी उतरवण्याची घाई नको. ज्या दिवशी तज्ज्ञ काम करायला येतील त्या दिवशी ती त्यांच्याकडून पुसून खाली आणवा.

परीक्षा करावी का?

इथे पुष्कळ पैसा वाया जातो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. साधी प्रयोगशाळा प्रकाश-सूक्ष्मदर्शकाने नमुना पाहते आणि टक्केवारी देते. अमेरिकी नियमांत एक टक्क्याहून अधिक अ‍ॅस्बेस्टॉस असेल तर ती वस्तू ‘अ‍ॅस्बेस्टॉसयुक्त’ ठरते. लिबीच्या मालात प्रमाण बरेचदा याहून कमी भरते. तरी दाणे हलवले की हवेत भरपूर तंतू येतात. शिवाय तंतू जड असल्याने वर्षानुवर्षांत थराच्या तळाशी बसतात. वरून मूठभर उचललेल्या नमुन्यात ते सापडतच नाहीत. म्हणजे ‘आढळला नाही’ असा कागद हातात येतो आणि घरमालक निर्धास्त होऊन मुलाला वर खेळायला सोडतो.

माझा सल्ला असा: तसेच ठेवायचे असेल तर परीक्षेवर खर्च करू नका, आहे असे धरा आणि फटी बंद करा. काढायचे असेल, घर विकायचे असेल किंवा कॉन्ट्रॅक्टर मागत असेल, तर परीक्षा करा, पण व्हर्मिक्युलाईटसाठीची खास पद्धत वापरणाऱ्या प्रयोगशाळेकडे. त्या पद्धतीत नमुना पाण्यात ढवळतात, फुललेले दाणे तरंगतात, तंतू तळाशी बसतात, आणि तळाचा गाळ तपासला जातो. नमुने माळ्याच्या तीन-चार जागांवरून, वरपासून थेट तळापर्यंतचा थर घेऊन जायला हवेत. ते प्रशिक्षित निरीक्षकाकडून घ्या. होकारार्थी निकालावर विश्वास ठेवा. नकारार्थी निकाल आला तर पद्धत कोणती होती, हे आधी विचारा.

काढायचेच असेल तर

वायरिंग बदलायची आहे, छत फोडून खोली वाढवायची आहे, छपरातून पाणी गळते आहे, किंवा माळ्याचीच खोली करायची आहे, तर आधी व्हर्मिक्युलाईट काढले पाहिजे. उलटा क्रम फार महाग पडतो. छत फोडल्यावर दाणे खोलीत कोसळले तर माळ्याबरोबर सोफे, गालिचे, पुस्तके आणि हवेच्या नळ्या सगळ्यांची सफाई करावी लागते.

नीट काम कसे दिसते, हे ठाऊक असले की कॉन्ट्रॅक्टर पारखता येतो. शिडीभोवती आणि रस्त्यात जाड प्लॅस्टिकचे पडदे लावून जागा बंद केली जाते. एक यंत्र आतली हवा सतत ओढून हेपा गाळणीतून बाहेर सोडते, त्यामुळे बंदिस्त भागातला दाब कमी राहतो आणि एखादा पडदा फाटला तरी हवा आत येते, बाहेर जात नाही. हेपा गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. कामगार अंगभर एकदा-वापराचे कपडे आणि पी-१०० गाळणीचे मास्क घालतात. बाहेर येताना ते मधल्या खोलीत कपडे उतरवतात आणि अंग धुतात. दाणे मोठ्या नळीच्या व्हॅक्यूमने बाहेर उभ्या गाडीत ओढले जातात. मग तुळया, पाट्या, खाचा हेपा व्हॅक्यूमने आणि ओल्या फडक्याने साफ होतात, उरलेले तंतू बसून राहावेत म्हणून वरून चिकट लेप फवारला जातो. माल चिठ्ठी लावलेल्या बंद पिशव्यांतून परवानाधारक ठिकाणी जातो आणि त्याची पावती येते.

शेवटी हवेची तपासणी होते. ही तपासणी कॉन्ट्रॅक्टरने स्वतः करू नये, दुसऱ्या स्वतंत्र निरीक्षकाने करावी. ज्याने काम केले त्यानेच काम उत्तम झाल्याचा दाखला देणे मान्य करू नका, त्यात दोन-तीनशे डॉलर वाचत असले तरी.

स्वतः काढावे का? अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत स्वतःच्या एक-कुटुंबी घरात मालकाने काम करण्याला कायद्याची आडकाठी नाही. कायदा अडवत नाही म्हणून ते सुरक्षित होत नाही. वर सांगितलेली हवेचा दाब राखण्याची व्यवस्था भाड्याने आणून, शिकून, उभारून, मग हजारो लिटर दाणे खाली उतरवणे हे एका शनिवारचे काम नाही. दुकानातल्या एन-९५ मास्कवर तर अजिबात विसंबू नका, अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामासाठी तो पुरेसा मानला जात नाही.

पैशाचे गणित

काढण्याचा आणि नवे इन्सुलेशन भरण्याचा खर्च माळ्याचा आकार, थराची जाडी आणि राज्याचे नियम यांवर ठरतो. काही हजार डॉलरपासून वर तो दहा-पंधरा हजारांच्या पुढेही जातो. म्हणून किमान तीन लेखी दरपत्रके घ्या, आणि प्रत्येकात बंदिस्ती, विल्हेवाट, हवेची तपासणी आणि नवे इन्सुलेशन वेगवेगळे लिहून मागा. सर्वांत कमी दराच्या कागदात यांतले काय गायब आहे, ते शोधा. परवाना राज्याच्या संकेतस्थळावर पडताळून पाहा.

सगळ्यांत मोठी मदत म्हणजे झोनोलाईट अ‍ॅटिक इन्सुलेशन ट्रस्ट. ग्रेसच्या दिवाळखोरीच्या तडजोडीतून तो २०१४ साली सुरू झाला. अमेरिकेतल्या घरात झोनोलाईट असल्याचे सिद्ध झाले तर काढण्याच्या आणि नवे भरण्याच्या मान्य खर्चापैकी ५५ टक्के रक्कम तो परत देतो. सुरुवातीला कमाल मर्यादा ४,१२५ डॉलर होती, सध्याची मर्यादा ट्रस्टच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. कॅनडातल्या घरांना हा ट्रस्ट लागू नाही. पुरावा मात्र काम सुरू होण्याआधी जमवावा लागतो: माळ्याचे स्पष्ट फोटो, झोनोलाईटचे नाव असलेली रिकामी पिशवी कुठे सापडली तर तिचा फोटो, आणि दाण्यांचा नीट बंद केलेला नमुना, ज्याची रासायनिक तपासणी करून तो लिबीचा आहे का ते ठरवता येते. माळा एकदा रिकामा झाला की सिद्ध करायला काही उरत नाही. बरीच कुटुंबे नेमकी इथे रकमेला मुकतात.

इतर वाटाही आहेत. घर अजून विकत घ्यायचे असेल तर निरीक्षकाला माळ्याचे विशेष पाहायला सांगा आणि काढण्याचा खर्च घराच्या किमतीतून वळता करायला लावा, ही सर्वांत सोपी वेळ असते. छप्पर बदलायचे असेल तर दोन्ही कामांचा मेळ घालता येतो का, ते कॉन्ट्रॅक्टरला विचारा. काढल्यावर नवे इन्सुलेशन भरताना वीज किंवा गॅस कंपनीची सवलत मिळते का, ते तपासा. गृहविम्यातून सहसा काही मिळत नाही, त्यावर भिस्त ठेवू नका. आणि पैसे आज नसतील तर माळा बंद करून दोन-तीन वर्षे थांबण्यात काहीही गैर नाही. व्हर्मिक्युलाईट हात न लावता पडून राहिले तर ते रोज अधिक घातक होत नाही.

आता एक विनंती. शिडीच्या झाकणावर ठळक अक्षरांत एक कागद चिकटवा, इंग्रजीत आणि मराठीत: ‘वर अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, विचारल्याशिवाय चढू नये.’ इंग्रजी ओळ केबलवाल्यासाठी आणि इलेक्ट्रिशियनसाठी. मराठी ओळ भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या बाबांसाठी, जे दुसऱ्याच आठवड्यात घरातले काहीतरी नीटनेटके करायला घेतात आणि ज्यांना माळा आवरून लेकीला किंवा सुनेला मदत करायची असते. त्यांना विमानतळावरून घरी आणल्यावर पहिल्या दिवशीच हे सांगा.